डक्टमधून गाळ्यात गेलेली नळी: पाइप गॅसची चोरी दिसली तर आधी काय करायचं?

सचिव_सातमजली

ठाण्यातली सात मजल्यांची इमारत, २८ सदनिका, सगळ्यांकडे पाइपचा गॅस. तळमजल्यावर चार गाळे. १०३ चं बिल बरेच महिने थकलं म्हणून गॅस कंपनीनं कनेक्शन तोडलं: मीटर काढून नेला, व्हॉल्व्ह बंद करून सील लावलं, पुढच्या तोंडाला प्लग मारला. सदनिका रिकामी, मालक परगावी, किल्ली एजंटाकडे.

आता डक्टची सफाई करताना दिसलं की त्या व्हॉल्व्हवरचं सील गायब, प्लग गायब, आणि तिथून एक रबरी नळी डक्टमधून खाली पोळीभाजी केंद्राच्या गाळ्यात उतरली आहे. नळीला मध्ये एक जोड, त्यावर एमसील फासलेलं. गाळेवाल्याचं म्हणणं: "प्लंबर लायसनवाला आहे. वरच्या घरात जळतो तोच गॅस, प्रेशर तेवढंच. वास कुठे येतोय?"

जाणकारांनी सांगावं:
१. "प्रेशर तेवढंच" हे खरं का?
२. सोसायटीनं स्वतः व्हॉल्व्ह बंद केला तर चालतं का, की कंपनीच्या मालमत्तेला हात लावला म्हणून आपल्यावरच शेकेल?
३. तक्रार कुठे, कशी? समितीतल्या दोघांचं म्हणणं आहे की "आपसात मिटवा, पोलिस नकोत".

---

पाना_आणि_मीटर

प्रेशर तेवढंच नाही. जवळजवळ पाचपट आहे.

रस्त्याखालच्या प्लॅस्टिकच्या पाइपात गॅस साधारण ४ बार दाबानं येतो. इमारतीच्या पायथ्याशी पेटीत जो सर्व्हिस रेग्युलेटर असतो तो हा दाब १०० मिलिबारच्या आसपास आणतो. भिंतीवरून वर चढणाऱ्या पिवळ्या राइझरमध्ये हाच दाब असतो. मग प्रत्येक घरात मीटरच्या आधी एक छोटा रेग्युलेटर, तो १०० चे २१ करतो. शेगडी २१ मिलिबारसाठी बनवलेली असते. पाण्याच्या उंचीत मोजाल तर २१ मिलिबार म्हणजे जेमतेम २१ सेंटिमीटर आणि १०० म्हणजे एक मीटर. मीटर काढताना कंपनी बहुतेक वेळा तो छोटा रेग्युलेटरही काढून नेते. म्हणजे तुमच्या नळीत आज राइझरचाच दाब आहे.

शेगडीच्या जेटमधून, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकातून, बाहेर पडणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. पाचपट दाबाला सव्वादोनपट गॅस, पण बर्नर हवा ओढतो ती त्याच्या ठरलेल्या मापानं. त्यामुळे ज्योत बर्नर सोडून वर उडते, टोकं पिवळी पडतात, भांडी काळी होतात आणि बंद गाळ्यात कार्बन मोनॉक्साइड साठू लागतो. त्याला वास नाही. "डोकं जड झालं" एवढंच कळतं.

दुसरी गोष्ट नळीची. शेगडीमागची तारेची जाळी असलेली रबरी नळी जास्तीत जास्त दीड मीटर, अखंड, डोळ्यांसमोर आणि छापलेल्या तारखेच्या आत वापरायची. तुमची एक मजला उतरली आहे, म्हणजे तीन-चार मीटर तरी असणार, तीही डक्टमध्ये, जिथे उंदीर आहेत, एसीच्या मशीनची गरम हवा आहे आणि विजेच्या केबलीही आहेत. वर मध्ये जोड. एमसील कडक होतं, रबर हलतं. त्या दोघांच्या मध्ये केसाएवढी फट पडतेच. नळीत जोड देऊ नये तो याच कारणासाठी.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. घरातल्या बऱ्याच रेग्युलेटरांत असं यंत्र असतं की पुरवठ्याचा दाब ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद होतो आणि हातानं रीसेट केल्याशिवाय उघडत नाही. पुरवठा मध्येच तुटला, शेगड्या विझल्या आणि तासाभरानं गॅस परत आला, तर उघड्या नॉबमधून न पेटलेला गॅस घरात भरू नये यासाठी ते असतं. चोरीच्या जोडणीत हे यंत्रच नाही. रस्त्यावर दुरुस्तीसाठी लाइन बंद झाली, गाळेवाला शटर ओढून गेला, नॉब उघडाच राहिला आणि रात्री पुरवठा सुरू झाला, तर पुढचं गणित करून बघा.

८ बाय ८ फुटांचं, ९ फूट उंचीचं बंद स्वयंपाकघर म्हणजे साधारण १६ घनमीटर हवा. पाइपचा गॅस म्हणजे नैसर्गिक वायू, मुख्यतः मिथेन. तो हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगी मिळताच पेट घेतो, म्हणजे खालची मर्यादा गाठायला ०.८ घनमीटर गॅस पुरतो. १०० मिलिबारला २ मिलिमीटरच्या भोकातून ताशी साधारण १.१ घनमीटर गॅस निघतो. म्हणजे पाऊण तास. आणि नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो आधी छताशी गोळा होतो. वरचे तीन फूटच धरले तर पंधरा मिनिटं. ट्यूबलाइट, पंखा, एक्झॉस्ट हे सगळं त्याच उंचीवर असतं.

आता "वास कुठे येतोय". मिथेनला स्वतःचा वास नाही. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टनसारखं उग्र वासाचं रसायन घालतात. पण डक्ट धुराड्यासारखा ओढतो. खाली गळलेला गॅस गाळ्यात नाही, वर सहाव्या-सातव्या मजल्याच्या बाथरूमच्या खिडकीत निघतो. तुम्ही वरच्या मजल्यांवर विचारा: "संध्याकाळी डक्टमधून कुजका वास येतो, ड्रेनेजचा असेल" असं कुणी म्हणतंय का? शिवाय नवे किंवा गंजलेले लोखंडी पाइप हे रसायन शोषून घेतात आणि तोच वास सतत घेणाऱ्याचं नाक थोड्या वेळानं बधिर होतं. कांदा-लसणाच्या फोडणीत उभ्या असलेल्या माणसाच्या नाकावर सुरक्षितता सोडायची नसते.

प्रश्न २. धोका दिसत असताना व्हॉल्व्ह बंद करायला कुणाचीही परवानगी लागत नाही. उघडायचा मात्र कंपनीच्या माणसानंच. तुमच्याकडे क्रम असा ठेवा:

डक्टजवळ वास येत असेल तर तिथे थांबू नका. बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, दोन्हीत ठिणगी पडते. बेल नाही, लिफ्ट नाही, एक्झॉस्ट नाही. दारं हातानं ठोठावा, खिडक्या उघडा, जिन्यानं खाली या आणि आवाराबाहेर जाऊन फोन लावा. तुमच्या बिलावर आणि रेग्युलेटरच्या पेटीवर कंपनीचा आपत्कालीन क्रमांक छापलेला असतो, तो २४ तास चालू असतो. अग्निशमनाला १०१ किंवा ११२. (१९०६ हा सिलिंडरच्या गळतीसाठीचा क्रमांक आहे, गोंधळ नको.)

वास नसेल तर आधी गाळ्यात जाऊन सगळे नॉब बंद करून घ्या, मग १०३ चा व्हॉल्व्ह बंद करा. दांडी पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवी म्हणजे बंद, पाव वळसा. यानं बाकी २७ घरांचा गॅस जात नाही. नळी ओढून काढू नका, कापू नका. सील तुटलेला व्हॉल्व्ह पूर्ण बसतोय की नाही हे तुम्हाला बाहेरून कळत नाही. तो पाझरत असेल तर नळी काढताच उघडं तोंड डक्टमध्ये. कंपनीचा माणूस येऊन प्लग मारेल, साबणाच्या पाण्यानं तपासेल. आणि तपासायला काडी पेटवणारा कुणी असेल तर त्याला आवाराबाहेर काढा, हे सांगावं लागतं हे दुर्दैव.

---

कलम_आणि_कागद

तांत्रिक भाग वर आलाच आहे, मी फक्त प्रश्न ३ बद्दल.

मीटर आणि मीटरपर्यंतचा पाइप कंपनीचा. तिथून मोजणी टाळून गॅस घेणं ही सरळ चोरी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. ज्वालाग्राही पदार्थाबाबत निष्काळजीपणासाठी कलम २८७ वेगळं आहे, त्यात सहा महिने. सील तोडणं, पाइपची नासधूस हे त्यावर. उद्या कुणी दगावलं तर कलमं बदलतात आणि तेव्हा पहिला प्रश्न असतो "समितीला कधी कळलं?" तुम्हाला कळलं आहे. म्हणून "आपसात मिटवा" म्हणणाऱ्या दोघांना हे वाक्य इतिवृत्तात लिहून सही करायला सांगा. बहुतेक सही करत नाहीत.

कागद असे: कंपनीला ईमेल (ग्राहक क्रमांक, सदनिका, काय दिसलं, कधी दिसलं), तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्याची प्रत मालकाला आणि गाळेधारकाला, पोच घेऊन. सदनिका बघायची असेल तर उपविधीप्रमाणे नोटीस देऊन, समितीचे दोन सदस्य आणि एजंट हजर ठेवून. कुलूप तोडायचं नाही. फोटो काढा, पण वास येत असताना डक्टमध्ये मोबाइल घेऊन घुसायचं नाही. पोलिसांत तक्रार शक्यतो कंपनी करते, पण तुमची लेखी माहिती आधी गेलेली असली पाहिजे.

गाळ्यासाठी आणखी एक: घरगुती जोडणीवरून धंदा करणं हा वेगळा नियमभंग आहे. "मी वरच्या मालकाला महिन्याला पैसे देतो" असं गाळेवाला म्हणाला तरी त्यानं काही सुटत नाही, मालक तेवढा अडकतो.

---

सचिव_सातमजली

दोघांचेही आभार. १०३ चा व्हॉल्व्ह बंद केला, कंपनीला फोन झाला, माणूस उद्या सकाळी येतोय. गाळेवाला आता म्हणतो की आज रात्रीच आमचा प्लंबर नळी काढून सगळं पूर्ववत करेल, तपासणी होऊन जाऊ दे, "नंतर व्यावसायिक कनेक्शनचा अर्ज करू, तोवर काहीतरी बघू". समितीतल्या काहींना हे पटतंय.

---

जुनी_कात्रणं

"तपासणी होऊन जाऊ दे" हेच न्यूयॉर्कमध्ये झालं होतं. मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेजमधली सेकंड अव्हेन्यूवरची इमारत, खाली सुशीचं हॉटेल, वर भाड्याच्या खोल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये गॅस कंपनीला तिथे हॉटेलच्या जोडणीतून लवचीक नळ्यांनी वरच्या खोल्यांना गॅस दिलेला सापडला. पुरवठा बंद केला, नळ्या काढायला लावल्या. मग मालकिणीनं शेजारच्या तिच्याच इमारतीतून दुसरी चोरटी लाइन आणली. २६ मार्च २०१५ ला कंपनीचे लोक नव्या जोडणीच्या तपासणीला आले. ते येण्याआधी चोरटी लाइन बंद केली, ते नापास करून गेल्यावर परत उघडली. तळघरात गॅस साठला आणि दुपारी स्फोट झाला. दोन जण गेले, तीन इमारती जमीनदोस्त झाल्या.

यातल्या दोन गोष्टी तुमच्या गाळेवाल्याला ऐकवा. तपासणीसाला ती लाइन दिसलीच नाही, म्हणून तिच्यावर कुठलीच दाब-चाचणी झाली नाही. जी जोडणी तपासली गेली ती आणि जिच्यामुळे स्फोट झाला ती, या वेगळ्या होत्या. आणि "प्लंबर लायसनवाला आहे" याचं उत्तर: तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे परवाना नव्हता, कागद दुसऱ्याच परवानाधारकाच्या नावावर जात होते. मालकीण, ठेकेदार आणि तो विनापरवाना प्लंबर, तिघंही नोव्हेंबर २०१९ मध्ये मनुष्यवधासाठी दोषी ठरले. शिक्षा ४ ते १२ वर्षं. आपल्याकडे पाइप गॅसच्या लाइनवर काम कंपनीच्या नेमलेल्या ठेकेदारानंच करायचं असतं. नळाचा परवाना इथे चालत नाही.

वासाचा विषय निघालाच आहे तर जुनं उदाहरण. टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेनं १९३७ च्या सुरुवातीला गॅसचा करार रद्द करून, पैसे वाचवायला, तेलक्षेत्रातल्या कंपनीच्या टाकाऊ गॅसच्या लाइनला जोड मारला. तिकडे तेव्हा अनेक जण तसं करत, कंपन्या काणाडोळा करत. त्या गॅसला वास नव्हता. इमारतीखालच्या पोकळीत तो साठत गेला आणि १८ मार्चला कार्यशाळेतल्या विजेच्या सँडरच्या (लाकूड घासण्याच्या यंत्राच्या) ठिणगीनं शाळा उडाली. सुमारे ३०० बळी, बहुतेक मुलं. गॅसमध्ये वासाचं रसायन घालण्याची सक्ती टेक्सासमध्ये त्यानंतर काही आठवड्यांत आली.

तेव्हा आज रात्री त्यांच्या प्लंबरला डक्टमध्ये उतरू देऊ नका. त्यानं प्लग मारला तर तो टेफलॉन टेप किती वेढे घालतो, मापाचा आणतो का, चाचणी करतो का, हे कुणी बघणार नाही. शिवाय सकाळी तपासणीसाला सगळं स्वच्छ दिसेल आणि तो तुमच्या तक्रारीवर "काही आढळलं नाही" लिहून जाईल.

---

शेगडी_दुरुस्ती

"तोवर काहीतरी बघू" म्हणजे घरगुती लाल सिलिंडर लावणार, लिहून ठेवा. तेव्हा हे आधीच सांगा.

पाइप गॅसच्या शेगडीचं जेट मोठ्या भोकाचं असतं, कारण नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरात एलपीजीच्या निम्म्याहून कमी उष्णता असते. ते जेट तसंच ठेवून एलपीजी जोडला की ज्योत हातभर उठते, पिवळी आणि काजळी धरणारी. उलट केलं, एलपीजीच्या जेटवर पाइप गॅस, तर ज्योत मिणमिणती. मग लोक सुई घालून भोक मोठं करतात, आणि ते भोक गोल राहत नाही. जेट बदलायचं तर बर्नरनुसार मापाचं, दोन्ही-तिन्ही बर्नरची, आणि हवेची झडप परत लावून ज्योत निळी होईपर्यंत.

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड. छताकडे जात नाही, जमिनीवर पसरतो, मोरीत आणि गटारात उतरतो. दोन टक्क्यांच्या आतच पेट घेतो. तुमचा गाळा रस्त्यापेक्षा खाली असेल तर वरची खिडकी उघडून काही उपयोग नाही, खालून हवा लागते.

गाळ्यांत मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस ओतण्याचे उद्योगही चालतात, ते दिसलं तर लगेच कळवा. कारखान्यात वजन करून भरलेल्या टाकीत विस्ताराला वर मोकळी जागा ठेवलेली असते. इथे अंदाजानं गळ्यापर्यंत भरतात. उन्हात द्रव फुगला की टाकीला जायला जागा नाही. आणि ओतताना जोडाजवळ जो गळतो तो द्रव असतो. एका लिटरचा अडीचशे लिटर गॅस होतो.

---

सचिव_सातमजली

नवा पेच. रात्री वॉचमननं घाबरून खालच्या पेटीतला मुख्य व्हॉल्व्हच बंद केला. २७ घरांचा गॅस गेलाय, फोनवर फोन येतायत, "उघडा ना, चहा व्हायचाय". दांडी तर पाव वळशाची आहे. उघडू का?

---

पाना_आणि_मीटर

नाही. वॉचमनला ओरडू नका, पण व्हॉल्व्हजवळ दुसऱ्या कुणाला फिरकू देऊ नका.

बंद केला तेव्हा कुणाची शेगडी चालू होती, तुम्हाला माहीत नाही. एखाद्या घरात दूध तापत होतं, ज्योत गेली, बाई "लाइट गेला तसा गॅस गेला" म्हणून बाहेर पडली, नॉब उघडा. आपल्याकडच्या साध्या शेगड्यांना ज्योत विझली की गॅस तोडणारा सेन्सर नसतो. घरातल्या रेग्युलेटरनं काम केलं तर ठीक, पण २७ पैकी प्रत्येकानं ते केलं याची खात्री खालून देता येत नाही.

कंपनीचा माणूस येईपर्यंत घराघरांत जाऊन दोन गोष्टी करा: शेगडीचे नॉब बंद, आणि शेगडीजवळचा व्हॉल्व्हही बंद. यादीवर खूण करत जा. ज्या घराला कुलूप आहे त्याचा स्वयंपाकघराबाहेरचा व्हॉल्व्ह बाहेरून पोचता येत असेल तर बंद. नाही तर त्या घरमालकाला फोन. एक जरी घर राहिलं तरी तसं कंपनीच्या माणसाला सांगा, तो त्या जोडणीचं बघून मगच मुख्य व्हॉल्व्ह उघडेल. गॅस आल्यावर पाइपातली हवा आधी बाहेर पडते, म्हणून पहिल्यांदा ज्योत फडफडते, विझते. खिडकी उघडून, एकच बर्नर, लायटर आधी आणि नॉब नंतर. पेटला नाही तर नॉब बंद करून काही मिनिटं थांबायचं, टकटक करत राहायचं नाही.

सगळं सुरू झालं की प्रत्येक घराला हे करायला सांगा: सगळे बर्नर बंद करून मीटरवरचे स्वल्पविरामापुढचे लाल आकडे लिहून ठेवा, अर्ध्या तासानं परत बघा. शेवटचा आकडा एक लिटरचा असतो. हलला तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळती आहे, व्हॉल्व्ह बंद करून कळवा. मग एक बर्नर मोठ्या ज्योतीवर दहा मिनिटं. तीसेक लिटर पुढे सरकायला हवेत. अजिबात सरकला नाही तर मीटर बिघडला आहे किंवा कुणीतरी त्याला वळसा घातला आहे. दोन्ही कंपनीला सांगण्यासारखं.

१०३ सारख्या तोडलेल्या जोडण्या इमारतीत आणखी असतील तर त्यांची यादी करा. मीटर नसलेल्या प्रत्येक तोंडाला प्लग आहे ना, पिवळ्या रंगाच्या पाइपवर मध्येच चकचकीत नवा जोड किंवा ताजा पांढरा टेप दिसतो का, हे तिमाहीला बॅटरी घेऊन बघायला दहा मिनिटं लागतात. गॅस डिटेक्टर बसवणार असाल तर पाइप गॅससाठी छतापासून फूटभर खाली. दुकानदार सिलिंडरवाला जमिनीजवळ लावायला सांगेल, ते एलपीजीसाठी.

---

सचिव_सातमजली

यादीवर २७ पैकी २५ खुणा झाल्या. ६०२ आणि ७०४ ला कुलूप आहे, दोघांनाही फोन लागला. ७०४ वाले अर्ध्या तासात पोचतायत, ६०२ ची किल्ली शेजारी आहे. सातव्या मजल्यावर दोन घरांत "ड्रेनेजचा वास" खरंच महिनाभर येत होता. तोही तक्रारीत घातला. चहा बाहेरून मागवलाय.

---

कलम_आणि_कागद

त्या दोन घरांकडून वास कधीपासून, कोणत्या वेळी, हे त्यांच्याच अक्षरात लिहून सहीनिशी घ्या. आणि कंपनीच्या माणसाकडून जाताना नुसतं तोंडी "झालं" नको. प्लग मारला, तपासला, नळी जप्त केली किंवा नाही, हे त्याच्या कामाच्या पावतीवर यायला हवं. त्याची प्रत मागून घ्या.